पहिल्या पॅचचा इतिहास : लिनक्सच्या कर्नेलमध्ये नवखा माणूस शिरतो कसा?

लिनक्सच्या कर्नेलचा कोड कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. त्यात सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये ‘क्रेडिट्स’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक नोंदीत माणसाचे नाव, ईमेल, त्याने केलेले काम आणि कित्येकदा घरचा टपालाचा पत्तासुद्धा आहे. फिनलंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, भारत अशा गावोगावच्या माणसांची ही यादी आडनावांच्या अक्षरक्रमाने लावलेली आहे. त्यात पदव्या नाहीत, हुद्दे नाहीत. कोणी डिस्कचा ड्रायव्हर लिहिला, कोणी एखाद्या साउंड कार्डाची खोड काढली, एवढेच दिलेले आहे.

ही यादी वाचताना मला पडलेला प्रश्न साधा होता. यांतला प्रत्येक माणूस कधी ना कधी नवखा होता. त्याने पहिली दुरुस्ती कोणाला पाठवली, ती कोणत्या वाटेने आत गेली, आणि ती वाट गेल्या तीन दशकांत कशी बदलत गेली? लिनक्सचा इतिहास बहुधा लिनस टोरवाल्ड्स या एका माणसाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला तो उंबरठ्यावरच्या माणसांच्या बाजूने मांडायचा आहे. राजवाड्यांनी आपल्याला अस्सल कागदाची सवय लावली. सुदैवाने या विषयाचे बरेचसे कागद सार्वजनिक आहेत. जुन्या आवृत्त्या, फायलींच्या डोक्यावरच्या टिपा, बदलांच्या नोंदवह्या, ईमेलचे जतन केलेले संग्रह हे सगळे ज्याला हवे त्याला वाचता येते.

आधी शब्दाचा उलगडा करतो. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. पाटाचे पाणी कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचे हे जसा पाटकरी ठरवतो, तसे प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क कोणत्या प्रोग्रामला कधी व किती द्यायचे हे कर्नेल ठरवते. पाटकऱ्याची चूक झाली तर एकाच शेताचे नाही, साऱ्या शिवाराचे नुकसान होते. कर्नेलमधल्या चुकीचेही तसेच आहे, आणि म्हणूनच तिथे परक्या माणसाला हात लावू द्यावा का, हा प्रश्न मुळात नाजूक आहे.

वाचण्याचीच बंदी

हात लावणे दूरच, कर्नेलचा कोड वाचणे हीसुद्धा एके काळी चोरीची गोष्ट होती. १९७६ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नेल विद्यार्थ्यांना ओळीने समजावून सांगणारे टिपण तयार केले. सुमारे नऊ हजार ओळींचा कोड एका भागात आणि भाष्य दुसऱ्या भागात, अशी त्याची रचना होती. एक वर्ग एका सत्रात सगळा कर्नेल वाचून काढू शके, इतका तो आटोपशीर होता. पुढे युनिक्सची सातवी आवृत्ती आली तेव्हा मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीने परवान्याच्या अटी आवळल्या आणि वर्गात कोड शिकवणे बंद पडले. लायन्स यांचे भाष्य मग छायाप्रतींच्या छायाप्रती काढून जगभर फिरले. ते रीतसर छापून बाजारात यायला १९९६ साल उजाडले.

ही बंदी ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठातले प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनाही जाचली. त्यांनी शिकवण्यासाठी स्वतःच युनिक्ससारखी एक छोटी प्रणाली लिहिली आणि १९८७ साली आपल्या पाठ्यपुस्तकातून कोडसह प्रसिद्ध केली. तिचे नाव मिनिक्स. वाचायची सोय झाली, पण भर घालायची मात्र झाली नाही. वापरणारे सुधारणा पाठवत आणि टॅननबॉम त्यांतल्या बहुतेक नाकारत. त्यांची बाजूही समजण्यासारखी होती. प्रणाली फुगली तर ती वर्गात शिकवता येणार नव्हती. पण त्यामुळे झाले असे की, कर्नेल वाचायला शिकलेली आणि काहीतरी करून दाखवायला उतावीळ असलेली तरुण मंडळी एका बंद दारासमोर जमत गेली. दरम्यान रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला होता. कंपायलर, संपादक, शेल अशी साधने त्यातून तयार होत होती, तरी कर्नेल अजून हाती आला नव्हता.

हेलसिंकीचे दार

टोरवाल्ड्स या जमलेल्या मंडळींतलाच एक. हेलसिंकी विद्यापीठाच्या या विद्यार्थ्याने १९९१च्या जानेवारीत ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला, त्यावर मिनिक्स चढवले आणि तिच्या उणिवांना कंटाळून स्वतःचे काहीतरी लिहायला घेतले. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्सवाल्यांच्या चर्चागटात आपला उपद्व्याप जाहीर केला. तो केवळ छंद आहे, फार मोठे असे काही होणार नाही, अशी कबुलीही देऊन टाकली. सप्टेंबरमध्ये आलेली ०.०१ ही आवृत्ती जेमतेम दहा हजार ओळींची होती.

त्या निवेदनात माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. लोकांना मिनिक्समध्ये काय आवडते आणि काय आवडत नाही, हे त्याने विचारले होते. टॅननबॉम यांच्या दारात सूचना घेऊन ताटकळलेल्यांना हे आमंत्रणच होते. जर्मनीतल्या एका वापरकर्त्याच्या संगणकात फक्त दोन मेगाबाइट मेमरी होती आणि त्याचे काम अडत होते. टोरवाल्ड्सने १९९१च्या नाताळात मेमरीतली पाने डिस्कवर टाकण्याची सोय लिहून दिली. लगेच कोणीतरी दुसरे पुढचे मागू लागले, तर कोणी मागण्याऐवजी लिहूनच पाठवू लागले. अमेरिकेतल्या एमआयटीतून थिओडोर त्सो यांनी एकाच टर्मिनलवर अनेक कामे चालू-बंद करण्याची सोय पाठवली. पुढे तेच ‘एक्स्ट ४’ या फाइल प्रणालीचे प्रमुख झाले. वेल्समधल्या स्वान्सीतून ॲलन कॉक्स नेटवर्कच्या कोडमधल्या चुका दुरुस्त करू लागले आणि काही काळाने तो सगळा विभागच त्यांच्याकडे आला. दोघांच्याही बाबतीत क्रम एकच दिसतो. आधी स्वतःची अडचण, मग तिच्यावरचा उपाय, मग इतरांच्या अडचणी, आणि शेवटी जबाबदारी.

या वाटेला कायद्याचा आधार मिळाला तो फेब्रुवारी १९९२पासून. टोरवाल्ड्सचा आधीचा परवाना पैसे घेऊन वाटपाला मनाई करणारा होता. तो सोडून त्याने स्टॉलमन यांचा जीपीएल हा परवाना स्वीकारला. कोड घ्या, बदला, विका, पण पुढच्याला देताना बदललेला कोडही द्या, अशी त्याची अट. नवख्यासाठी याचा अर्थ फार मोठा होता. आपण फुकट दिलेले काम उद्या कोणी कुलपात टाकून आपल्यालाच परत विकणार नाही, याची ती हमी होती. मार्च १९९४मध्ये १.० आवृत्ती निघाली तेव्हा ओळींची संख्या पावणेदोन लाखांवर गेली होती. त्यांतला बराच मोठा वाटा टोरवाल्ड्सने कधीही प्रत्यक्ष न पाहिलेल्या माणसांचा होता.

ठिगळ आणि टपाल

हे काम एकमेकांना पाठवायचे कसे? इथे दोन जुनी साधने उपयोगी पडली. ‘डिफ’ हा प्रोग्राम दोन फायलींतला नेमका फरक दाखवतो. १९७०च्या दशकात बेल लॅब्समध्ये तो तयार झाला. १९८५ साली लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ हा प्रोग्राम लिहिला. तो उलट काम करतो. फरकाची यादी दिली की मूळ फाइलवर ते बदल चढवतो. पॅच म्हणजे ठिगळ. लाखो ओळींचा कोड इकडून तिकडे न पाठवता बदललेल्या दहा ओळी आणि त्यांच्या आजूबाजूचा थोडा मजकूर एका ईमेलमध्ये घालून धाडता येऊ लागला. वाचणारा त्याच ईमेलमध्ये ओळीखाली ओळ लिहून शंका विचारू शके. मला वाटते, लिनक्सच्या यशात या साध्या टपाली पद्धतीचा वाटा कोणत्याही मोठ्या कल्पनेपेक्षा कमी नाही. तिला वेगवान जोडणी लागत नव्हती आणि कोणत्याही संस्थेचे ओळखपत्र लागत नव्हते.

पण या टपालाचा पोस्टमास्तर एकच होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टोरवाल्ड्सकडे इतके पॅच येऊ लागले की, कित्येक उत्तराविना हरवत. पाठवणाऱ्याला आपला पॅच नाकारला गेला की नुसताच बुडाला, हे कळायला मार्ग नसे. इतिहासाच्या अभ्यासकालाही इथे अडचण येते. २००२पूर्वी कर्नेलसाठी बदलांची नोंदवहीच नव्हती. कोणत्या ओळी कोणी पाठवल्या हे क्रेडिट्स फाइल, फायलींवरच्या टिपा आणि ईमेलचे संग्रह ताडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

फेब्रुवारी २००२मध्ये टोरवाल्ड्सने बिटकीपर हे नोंदी ठेवणारे साधन वापरायला घेतले. ते एका कंपनीच्या मालकीचे होते आणि खुल्या प्रकल्पाने बंद साधन वापरावे का, यावर कडाक्याचे वाद झाले. एप्रिल २००५मध्ये कंपनीने फुकट वापराची सवलत काढून घेतली. टोरवाल्ड्सने काही दिवसांतच ‘गिट’ हे स्वतःचे साधन उभे केले. आज जगभरचे प्रोग्रामर जे गिट वापरतात, ते कर्नेलच्या या पेचातून जन्माला आले. कर्नेलच्या गिट दप्तराचा पहिला कागद १६ एप्रिल २००५चा आहे. त्यानंतरच्या प्रत्येक ओळीचा लेखक कोण, ती कोणी स्वीकारली आणि कधी, हे आता एका आज्ञेत कळते. लेखक आणि स्वीकारणारा यांची नावे गिट वेगवेगळी नोंदवते. कोपऱ्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याचे नाव मोठ्या मेंटेनरच्या नावाखाली पुसले जात नाही, ही त्याची मोठी देणगी.

याच सुमारास सहीची पद्धत सुरू झाली. एससीओ या कंपनीने मार्च २००३मध्ये आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा आरोप केला. तेव्हा कर्नेलमधल्या प्रत्येक ओळीचा दाखला मागितला जाईल, हे सर्वांच्या ध्यानात आले. २००४पासून प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ आणि पाठवणाऱ्याचे नाव लिहायचे ठरले. हे काम माझे आहे, किंवा पुढे देण्याचा मला हक्क आहे, अशी ती ग्वाही असते. पॅच ज्या ज्या मेंटेनरच्या हातून वर जातो, तो तो आपली सही खाली जोडतो. निनावी पॅच चालत नाही.

नवख्यासाठी पायऱ्या

कर्नेल जसजसा वाढला तसतसा उंबरठा उंच होत गेला. १९९२ साली सगळा कोड एकटा माणूस वाचू शकत होता. आज तो तीन कोटी ओळींच्या पलीकडे गेला आहे. मग नवख्याने सुरुवात कुठून करायची? या शतकाच्या सुरुवातीला ‘कर्नेल जॅनिटर्स’ नावाचा उपक्रम निघाला. जॅनिटर म्हणजे झाडलोट करणारा. जुनी, कालबाह्य झालेली पद्धत बदलणे, विसरलेली तपासणी घालणे, अशा किरकोळ कामांची यादी नवख्यांना दिली जाई. ‘कर्नेल न्यूबीज’ या गटाने प्रश्न विचारायला संकोच वाटणार नाही अशी जागा केली. २००८ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘स्टेजिंग’ हा विभाग काढला. चालतात, पण नीट लिहिलेले नाहीत असे ड्रायव्हर तिथे ठेवायचे आणि नवख्यांनी ते घासूनपुसून घ्यायचे. तालमीत पोराला आधी माती उकरायला लावतात, तशातला हा प्रकार. स्त्रियांसाठी व पुढे इतर उपेक्षित गटांसाठीही चालणाऱ्या ‘आउटरीची’ या पगारी उमेदवारीच्या योजनेत २०१३पासून कर्नेलही आला. २०१९पासून लिनक्स फाउंडेशनचा मार्गदर्शन कार्यक्रम शुआ खान यांच्या पुढाकाराने चालतो.

विद्यार्थी मला विचारतात तेव्हा मी आजची वाट अशी सांगतो. गिटने कोड उतरवावा, आपल्या संगणकावर बांधावा आणि आभासी यंत्रात चालवून पाहावा. निदान एक विभाग निवडून महिनाभर त्यातली चर्चा नुसती वाचावी. मग एखादा कंपायलरचा इशारा, चुकीचे शब्दलेखन, माहितीपत्रातली जुनी ओळ, किंवा सर्वांत उत्तम म्हणजे आपल्याच यंत्रावर दिसलेला दोष हाती घ्यावा. एका पॅचमध्ये एकच बदल करावा. सोबतच्या निवेदनात ‘काय बदलले’ यापेक्षा ‘का बदलले’ हे लिहावे, कारण काय बदलले हे पॅचच सांगतो. ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट लेखनशैली तपासते आणि ‘गेट मेंटेनर’ ही स्क्रिप्ट कोणाला पाठवायचे ते सांगते. ईमेल साध्या मजकुराचीच हवी. त्यावर टीका आली की ती मुद्द्यागणिक वाचून दुसरी आवृत्ती पाठवायची, लागल्यास तिसरी, लागल्यास सातवी. उत्तर आलेच नाही तर आठवडा-दोन आठवडे थांबून नम्रपणे आठवण करायची. नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि मोठे बदल फक्त पहिल्या दोन आठवड्यांत घेतले जातात, म्हणून हा पंचांगाचा भागही सांभाळावा लागतो.

अलीकडच्या आवृत्त्यांत सुमारे दोन हजार माणसांचे हात लागतात आणि त्यांतल्या दोनशेहून अधिकांचा तो पहिलाच पॅच असतो. म्हणजे दार बंद झालेले नाही. मात्र आत राहणाऱ्यांचे स्वरूप बदलले आहे. लिनक्स फाउंडेशनच्या २०१५च्या अहवालानुसार कर्नेलचे ऐंशी टक्क्यांहून अधिक काम नोकरीचा भाग म्हणून, पगार घेऊन होते. हौशीच्या दारातून शिरलेला माणूस चांगला निघाला की कंपन्या त्याला उचलतात. ही वाट आता उपजीविकेची झाली आहे.

ज्यांचे पॅच घेतले नाहीत

स्वीकारलेल्यांची नोंद गिटमध्ये मिळते. नाकारलेल्यांचा इतिहास मात्र शोधावा लागतो, आणि मला तोच अधिक शिकवून गेला.

कॉन कोलिव्हस हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ डॉक्टर. घरच्या संगणकावर एखादे जड काम चालू असताना गाणे अडखळते, खिडकी हलवताना झटके बसतात, याचा त्यांना वैताग होता. त्यासाठी ते प्रोग्रामिंग शिकले आणि प्रोसेसरचा वेळ वाटणाऱ्या भागाचे, म्हणजे शेड्युलरचे, पॅच लिहू लागले. प्रत्येक कामाला न्याय्य वाटा द्यावा, कोणते काम ‘महत्त्वाचे’ याचे अंदाज बांधत बसू नये, हा त्यांचा विचार. २००७मध्ये त्यांच्या शेड्युलरची गंभीरपणे चर्चा चालू असतानाच त्या विभागाचे मेंटेनर इंगो मोल्नार यांनी त्याच तत्त्वावरचा स्वतःचा शेड्युलर अवघ्या काही दिवसांत लिहून सादर केला. तोच २.६.२३ आवृत्तीत गेला. मोल्नार यांनी विचाराचे श्रेय कोलिव्हस यांना उघडपणे दिले, पण कोड त्यांचा गेला नाही. कोलिव्हस यांनी त्याच वर्षी मुख्य कर्नेलचे काम सोडले. टोरवाल्ड्सचे म्हणणे असे की, तक्रार करणाऱ्या वापरकर्त्यांची दखल घेऊन कोड वर्षानुवर्षे सांभाळेल अशा माणसावर मी भरवसा ठेवतो. दोन्ही बाजू वाचल्यावर माझे मत असे झाले की, निर्णय तंत्राच्या दृष्टीने समर्थनीय होता, पण माणूस गमावला गेला. नवख्याचा विचार घेणे आणि नवख्याला घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी कथा पुण्याशी जोडलेली आहे. चालत्या कर्नेलला मध्येच थांबवून दुसऱ्या संगणकावरून त्याची तपासणी करण्याचे साधन म्हणजे केजीडीबी. अमित काळे यांनी २०००च्या सुमारास हे साधन सांभाळायला घेतले आणि पुढे पुण्याच्या लिनसिससॉफ्ट या कंपनीतून ते वाढवले. जगभरचे ड्रायव्हर लिहिणारे ते वेगळे उतरवून घेत आणि आपल्या कर्नेलला जोडत. मुख्य कर्नेलमध्ये मात्र त्याला जागा नव्हती. असले डीबगर हाताशी असले की लोक कोडचा विचार न करता लक्षणावर मलमपट्टी करतात, असे मत टोरवाल्ड्सने २०००च्या सप्टेंबरमध्ये ठणकावून मांडले होते. बाहेर राहिलेला पॅच सांभाळणे किती कष्टाचे असते, हे ज्याने केले त्यालाच कळेल. मूळ कोड दर काही आठवड्यांनी बदलतो आणि प्रत्येक वेळी आपले ठिगळ नव्याने बेतावे लागते. हे काम एकाकडून दुसऱ्याकडे गेले, अनेकांनी हातभार लावला, आणि शेवटी जेसन वेसल यांच्या प्रयत्नांनी जुलै २००८च्या २.६.२६ आवृत्तीत केजीडीबी मुख्य कर्नेलमध्ये आले. आज कर्नेलमधली डीबगरची मुख्य फाइल उघडली तर तिच्या डोक्यावर इतर नावांबरोबर अमित एस. काळे हे नावही दिसते. पुण्याचे नाव तिथे नाही, पण पुण्याचे काम आहे.

आपल्याकडची वाट

भारतात हे सगळे पोहोचले कसे? विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुंबईसह चार महानगरांत. १९९६ साली आलेली कर्नेलची २.० आवृत्ती दाबून बांधलेल्या रूपात पाच-सहा मेगाबाइटची होती. त्या काळच्या ९६०० बिटांच्या मोडेमवर ती उतरवायला, लाइन मध्ये तुटली नाही तर, सव्वा ते दीड तास लागे. शिवाय फोनचे बिल वेगळेच. त्यामुळे लिनक्स आपल्याकडे तारेतून आले त्याहून अधिक मासिकासोबत आले. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अंकासोबत लिनक्सच्या सीडी वाटल्या आणि छोट्या गावांतल्या महाविद्यालयांपर्यंत ते गेले. या कामामागे अतुल चिटणीस यांचा मोठा वाटा होता. त्यांनीच पुढे बंगळुरात ‘फॉस डॉट इन’ हे संमेलन उभे केले. ‘वापरणारे पुष्कळ झाले, योगदान देणारे कुठे आहेत?’ अशा आशयाचा प्रश्न ते संमेलन वारंवार विचारत राहिले. चिटणीस २०१३मध्ये गेले. त्यांचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

उत्तर अगदीच नकारार्थी नाही. बंगळुरातल्या आयबीएमच्या लिनक्स केंद्रातून सुपर्णा भट्टाचार्य, दिपंकर सर्मा यांच्यासारख्यांनी कर्नेलच्या अवघड भागांत काम केले. अनेक प्रोसेसर एकाच वेळी तोच तक्ता वाचत असताना कुलूप न लावता तो बदलण्याची ‘आरसीयू’ ही युक्ती पॉल मॅकेनी आणि सर्मा यांच्या प्रयत्नांतून २००२मध्ये लिनक्समध्ये आली. आजच्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये ती क्षणोक्षणी वापरली जाते. पुण्यात स्टोरेजच्या क्षेत्रातल्या कंपन्यांमुळे फाइल प्रणाली आणि ड्रायव्हर जाणणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. पण त्यांचे बरेचसे काम कंपनीच्या कुलपाआड राहिले. दप्तरात नाव नसलेली अशी माणसे आपल्याकडे फार आहेत.

विश्वासाची परीक्षा

ही वाट विश्वासावर चालते आणि तो विश्वास अलीकडे तीनदा कसोटीला लागला.

पहिली कसोटी वागणुकीची होती. टोरवाल्ड्सची ईमेलमधली जहाल भाषा प्रसिद्ध होती. ती नवख्यांना पळवून लावते, ही तक्रारही जुनी. सप्टेंबर २०१८मध्ये त्याने जाहीर माफी मागून काही आठवडे रजा घेतली आणि त्याच काळात प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. दुसरी कसोटी पाठवणाऱ्यांच्या हेतूची. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२०मध्ये प्रयोग म्हणून मुद्दाम सदोष पॅच पाठवले. एप्रिल २०२१मध्ये हे प्रकरण पेटले तेव्हा क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणेच थांबवले. तिथून आलेले जुने शेकडो पॅच स्वयंसेवकांनी पुन्हा तपासले आणि त्यांतले बहुसंख्य बरोबर निघाले. तपासायला लागलेले तास मात्र नवख्यांच्या वाट्याचे होते. मेंटेनरचा वेळ हीच या व्यवस्थेतली सर्वांत तुटपुंजी वस्तू आहे.

तिसरी कसोटी सर्वांत गंभीर. ऑक्टोबर २०२४मध्ये रशियाशी संबंधित सुमारे डझनभर मेंटेनरांची नावे मेंटेनरांच्या यादीतून एका छोट्या पॅचने काढली गेली. कारण कायदेशीर पूर्ततेचे, म्हणजे निर्बंधांचे, दिले गेले. त्यांचा कोड राहिला, त्यावरची नावे राहिली, पण जबाबदारीची जागा गेली. परवाना कोड वापरायचा हक्क जगाला देतो. यादीत नाव ठेवण्याचा हक्क तो कोणालाही देत नाही, हे त्या दिवशी लख्ख दिसले. आपण भारतीयांनी या घटनेकडे त्रयस्थपणे पाहून चालणार नाही. आपले फोन, बँका, दूरसंचाराची यंत्रणा या कर्नेलवर चालतात. २०१७च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक यंत्र लिनक्सवर आहे. उद्या कोणत्याही देशाच्या कायद्याने दार थोडेसे ओढून घेतले, तर त्या वेळी कोड जवळ असून भागणार नाही, तो जाणणारी माणसे जवळ लागतील. आणि तशी माणसे पॅच पाठवून, नाकारून घेऊन, पुन्हा पाठवूनच तयार होतात. दुसरा कारखाना मला तरी या इतिहासात सापडला नाही.

लायन्स यांच्या छायाप्रतींपासून आजच्या गिटपर्यंत तंत्र पुष्कळ बदलले, पण नवख्याकडून अपेक्षा त्याच राहिल्या. दुसऱ्याचे लिहिलेले चिकाटीने वाचणे, छोटे पण पूर्ण काम करणे, आपल्या नावाने ते पुढे ठेवणे आणि चारचौघांत झालेली चिकित्सा पचवणे, या त्या अपेक्षा. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी संगणकाचे हजारो पदवीधर बाहेर पडतात आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे जाड अहवाल कपाटात जातात. त्याऐवजी प्रत्येक गटाने एक स्वीकारलेला पॅच दाखवावा, मग तो माहितीपत्रातल्या एका ओळीचा का असेना, असा नियम एखाद्या विभागाने करून पाहावा. तो पॅच तपासणारा परीक्षक महाविद्यालयाच्या ओळखीचा नसेल आणि त्याच्या शेऱ्याला वशिला लागणार नाही. विद्यार्थ्याचे नाव मात्र त्या नोंदवहीत कायम राहील.